खोली सावरखोलची, खुंटी पवारांची

डोंगर मला लांबूनच आवडतात. कॅलेंडरवर असले तर फारच. तरीही वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी एका डोंगराच्या सोंडेवर अक्षरशः चार पायांवर चढत होते आणि मागून बारा वर्षांची एक मुलगी "मॅडम, खाली नका बघू, टेन्शन येईल, वर बघा" असा धीर देत होती, हे मी सांगते तेव्हा कुणाला खरं वाटत नाही. माझ्या सुनेला तर फोटो दाखवूनही वाटलं नाही. ह्या सगळ्या पापाचे धनी एकच, आमच्या ऑफिसातले जनार्दन पवार.

पवार आवक-जावक विभागात होते. ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून आत जायचं आणि जाणारं प्रत्येक त्यांच्याच हातून बाहेर पडायचं. किडकिडीत अंगकाठी, कडक इस्त्रीची पँट आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांवरून साहेबांनी एकदा हटकलं, तर "साहेब, पायांना कुठे कळतं ऑफिस आहे ते?" असं म्हणून ते टपाल वाटायला निघून गेले. माणसाचं नाव विचारायच्या आधी गाव विचारायची त्यांना खोड होती. मी बदलून त्या ऑफिसात गेले त्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"गाव कुठचं तुमचं?"

"गिरगाव. खोताच्या वाडीजवळ."

"ते राहायचं झालं हो. गाव कुठचं?"

"गुहागरकडे आहे म्हणतात कुठेतरी. मी कधी गेले नाही."

"म्हणजे आहे, आणि जात नाही?" पानात वाढलेलं टाकून उठणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाव काय म्हणालात?"

"लेले."

"बरं, लेलेबाई. चहा बाराला येतो. साखर जास्त असते."

मला राग आला होता. पुढे कळलं की पवारांना स्वतःचं गावच नव्हतं. त्यांच्या वडिलांना लहानपणी कुणी चुलत्याने मुंबईला आणलं, गिरणीत चिकटवायच्या बेताने. वर्षाच्या आत चुलता वारला आणि पोर चाळीतल्या माणसांनी वाढवलं. गावाची आठवण म्हणून वडिलांकडे दोनच गोष्टी होत्या, दारात एक आंबा आणि पायऱ्यांची विहीर. "आता ह्या खुणेवर कोकणात गाव शोधायचं म्हणजे लालबागेत जाऊन गणपती बसवतात ते घर कुठचं, असं विचारण्यासारखं," पवार सांगायचे आणि स्वतःच हसायचे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. एक बहीण होती, ती डोंबिवलीला.

डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत मे महिना म्हणजे शिक्षा होती. एक तारखेला निकाल लागला की दोन तारखेपासून चाळ रिकामी व्हायला लागायची. ट्रंका, वळकट्या, पोरं, कोंबड्यांसाठी टोपल्या, सगळं गावाला. "जातो रे जना, गावाला जायचंय," असं सांगून एकेक मित्र जिना उतरायचा. मग लांबच लांब गॅलरीत हा एकटा. भिंतीवर चेंडू मारून क्रिकेट खेळायचा. "दोन्ही टीम मीच," ते म्हणायचे, "आणि लेलेबाई, तरीपण हरायचो." हे ऐकून सगळं ऑफिस हसायचं. मीही हसले होते, पण घरी गेल्यावर मला ते पोर डोळ्यांसमोरून हलेना.

त्यांच्या चाळीत तळमजल्यावर सावरखोलची खोली होती. गिरणगावात अशा गावकीच्या खोल्या असायच्या, अजूनही काही आहेत. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली एक खोली. गावाहून नोकरीला, दवाखान्याला, कोर्टाच्या तारखेला कुणीही आला की त्याने तिथे पथारी टाकायची. सावरखोल चिपळूणच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. खोलीच्या भिंतीवर खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीखाली तेलरंगाने नाव. लहानपणी पवार त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून नदीच्या, देवराईच्या, डोंगरावरच्या सड्याच्या गप्पा ऐकायचे. भाकरी मिळायची, मायाही मिळायची. एकदा त्यांनी आपल्याला पण खुंटी मागितली. "गावचा असेल त्यालाच खुंटी रे बाळा," एक म्हातारा म्हणाला होता. वाईट बोलला नव्हता, पण पवारांनी ते वाक्य पन्नास वर्षं जपून ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर हा माणूस स्वस्थ बसेल असं मला वाटलंच नव्हतं. पहिल्याच मे महिन्यात त्यांचा फोन आला. "लेलेबाई, चाळ रिकामी होत नाही हो आता." मी म्हटलं, चांगलंच आहे की. तर म्हणाले, "कसलं चांगलं? पोरं जिन्यात बसून मोबाइल बघतात. कुणाची गावाकडची घरं पडली, कुणाच्या आईबापाला रजा नाही, कुणाचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर. एकाला विचारलं नदी बघितलीस का, तर म्हणतो, हो, व्हिडिओत." आपल्या वाट्याला आलेला मे ह्या पोरांच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. त्यासाठी त्यांना एक गाव हवं होतं.

ते सरळ सावरखोलच्या खोलीत मासिक सभेला जाऊन बसले. मंडळाचे अध्यक्ष शिंदेअण्णा, गिरणीतून निवृत्त झालेले, आवाज अजून भोंग्यासारखा.

"अण्णा, तुमच्या गावची माणसं तीन पिढ्या आमच्या चाळीत राहिली," पवार म्हणाले. "आता आमच्या चाळीतली पोरं चार दिवस तुमच्या गावात राहतील. फिटंफाट."

"गाव म्हणजे काय राणीची बाग वाटली काय रे जना तुला?"

"म्हणून तर आलो. बाग असती तर तिकीट काढून गेलो असतो."

खोली हसली. हसल्यावर नाही म्हणणं अवघड असतं. एकदा नेऊन बघ, काही वाकडं झालं तर परत नाव काढायचं नाही, असं ठरलं.

"विचारायला काय जातं? नाही म्हणाले तर आहोत तिथेच आहोत," हे पवारांचं ब्रीद. ह्या ब्रीदावर त्यांनी दोन महिन्यांत अख्खा संसार जमवला. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने बॅटऱ्या आणि दोर दिला. खालच्या डॉक्टरांनी पोरांना तपासून औषधांची पेटी भरून दिली. शाळेच्या बाईंनी पालकांच्या सभेत पवारांना दहा मिनिटं दिली, त्यांनी चाळीस घेतली. दादरच्या एका चपलांच्या दुकानात जाऊन त्यांनी पडून राहिलेल्या मापांचे बूट मागितले. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या संस्थेचे?" हे म्हणाले, "डिलाईल रोडचा." बूट मिळाले. मुली येणार म्हणजे एक बाई हवी, म्हणून मीही मिळाले.

निघण्याआधी सराव म्हणून पवारांनी पोरांना रविवारी सकाळी वरळीच्या किनाऱ्यावर नेलं, ओहोटी बघून. डिलाईल रोडच्या बाजारात मासे विकणाऱ्या प्रमिलाबाई तिथल्याच कोळीवाड्यातल्या. मावरं घेता घेता पवारांनी त्यांनाही गळाला लावलं होतं. पोरांनी समुद्र आजवर विसर्जनालाच बघितलेला, तोही माणसांच्या डोक्यांवरून. प्रमिलाबाईंनी लुगडं खोचलं आणि दम भरला, "दर्याला पाठ दावायची नाय. शेवाळावर नाचायचं नाय. आनि हात लावायच्या आधी मला इचारायचं."

खडकांच्या फटींत खेकडे होते, शंख चालत होते, कालवं चिकटलेली होती. निशा नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. बाप वॉचमन, तिचं गाव इथून दोन दिवसांवर, ती एकदाच गेलेली. ती उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, हे सगळं इथे रोज असतं?"

"रोजच असते गो. तूच येत नव्हतीस."

कुणीतरी पवारांना एका शंखाचं नाव विचारलं. "मला माहीत नाही, विचारूया," ते म्हणाले. हे त्यांचं दुसरं ब्रीद. त्यांना झाडं ओळखता येत नसत, पोहता येत नसे आणि बेडकाची भीती वाटत असे. पण माहीत नाही म्हणायची लाज नव्हती, त्यामुळे पोरंही बिनधास्त विचारायची.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अठरा पोरं घेऊन सावरखोलला गेलो. आणि तिथे घोटाळा झाला. तीस वर्षं सरकारी थाटाची पत्रं हाताळलेल्या माणसाने गावाला पत्र लिहिलं होतं ते असं: "मुंबई येथील अठरा विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ आपल्या गावास भेट देणार असून योग्य ती व्यवस्था व्हावी, ही विनंती."

गावाने योग्य ती व्यवस्था केली. वेशीवर लेझीम, देवळासमोर मांडव, 'शिष्टमंडळाचे हार्दिक स्वागत' असा फलक. प्रत्येक पोराला शाल, श्रीफळ आणि टोपी. सरपंच बोलले, माजी सरपंच बोलले, मग त्या दोघांचं जमत नसल्यामुळे माजी सरपंच पुन्हा बोलले. जेवणात तीन भाज्या आणि जिलबी. दुपारी मुलींना हळदीकुंकू. संध्याकाळी नवा सिमेंटचा रस्ता, सभागृह आणि पाण्याची टाकी दाखवण्यात आली. दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीला राग आला की सत्कार खालच्या वाडीनेच केला, म्हणून तिथे पुन्हा मांडव, पुन्हा श्रीफळ. नदीकडे निघालेल्या दोन पोरांना "अरे पाव्हणे, उन्हात कुठं?" म्हणून हाताला धरून परत आणून बसवलं. तिसऱ्या दिवशी छत्तीस नारळ घेऊन आम्ही एसटीत बसलो.

घाट संपेपर्यंत पोरं मांडीवर नारळ सांभाळत बसली. मग निशाने विचारलं, "काका, तो डोंगर होता ना, तो किधर होता?"

"मांडवाच्या मागे," पवार म्हणाले.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. पवारही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

इकडे शिंदेअण्णा बेहद्द खूश. फोटो खोलीच्या भिंतीवर लागले. पुढच्या वर्षी मोठा मांडव आणि एखादा पुढारी, असं सभेत ठरू लागलं, तेव्हा पवार उठले. मी दाराशी उभी होते, औषधांची पेटी परत करायला आलेली.

"अण्णा, चूक माझी. मी पत्रच तसं लिहिलं. पण परत पाहुणे म्हणून नको. पाहुण्याला कुणी नदीवर नेत नाही, घरच्या पोराला नेतात. आमच्या पोरांना घरच्यासारखी कामाला लावा. सत्कार नको."

"म्हणजे आमचा सत्कार चुकला?" अण्णांचा आवाज चढला. "अख्खा गाव राबला, आणि तू चुका काढतोस? ज्याला स्वतःला गाव नाही तो आम्हाला गाव शिकवणार?"

पवारांनी हात जोडले, "बरोबर आहे," म्हणाले आणि बाहेर आले. मी तणतणत होते. आत जाऊन अण्णांना चार शब्द ऐकवायची माझी पूर्ण तयारी होती. पवारांनी मला जिन्याशीच अडवलं. "नका, लेलेबाई. खोटं नाही बोलले ते." त्यानंतर चार महिने त्यांनी मला फोन केला नाही. मी केला तर "ठीक आहे" म्हणायचे आणि ठेवायचे. निशा रोज शाळेतून येताना त्यांच्या दारावर टकटक करून "काका, कधी जायचं?" विचारते, हे मला तिच्या आईकडून कळलं.

उत्तर गावाहून आलं. शिमगा आटोपून परतलेल्या एका माणसाने सखूआतेंचा निरोप खोलीत आणला. ह्या आते म्हणजे जिच्या अंगणात वरच्या वाडीचा मांडव पडला होता ती एकटी राहणारी म्हातारी. निरोप होता, "त्या पोरांना सांगावं, औंदा आंबे उतरवायला मानूस नाय. ती बडबडी पोरगी हाय ना, तिला धाडा. आनि मांडव घातलात तर बगा, माझं अंगन शेनानं सारवलेलं, परत खड्डे पाडू देनार नाय."

गावच्या म्हातारीचा शब्द. अण्णा मुंबईत कितीही मोठे असले तरी तिच्यासमोर ते पोरच. सभेत त्यांनी निरोप ऐकवला आणि खाली मान घालून म्हणाले, "जनाला कळवा."

त्या मे महिन्यात आम्ही परत गेलो. ह्या वेळी पत्र नव्हतं. घराला दोन पोरं, जे घरात असेल ते खायचं, पडेल ते काम करायचं. पवारांनी एकच नियम सांगितला, "चप्पल घालून डोंगर चढायचा नाही आणि बूट घालून कुणाच्या घरात शिरायचं नाही." पोरांनी आंबे उतरवले, गुरं पाण्यावर नेली, करवंदं खाऊन तोंडं काळी केली, गुडघे फोडले. नदीच्या डोहाशी पवारांनी मंडळाचा दोर आडवा बांधला होता आणि स्वतः पायसुद्धा ओला न करता काठावर बसून "दोराच्या अलीकडे! दोराच्या अलीकडे!" असं ते सकाळपासून दुपारपर्यंत ओरडत होते. मध्येच एक बेडूक त्यांच्या बुटावर बसला. त्या दिवशी सावरखोलमध्ये सर्वांत उंच उडी पवारांनी मारली, असं पोरं अजून सांगतात.

शेवटच्या सकाळी आम्ही डोंगर चढलो. पुढे सखूआते अनवाणी, मध्ये पोरं, मागे मी, कशी ते सुरुवातीला सांगितलंच आहे, आणि माझ्या मागे धीर द्यायला निशा. वाटेत पवारांनी एका झाडाला आंबा म्हटलं.

"ह्यो काजू हाय," आते म्हणाल्या. "मुंबैचाच तू."

"मुंबईचाच," पवार म्हणाले.

वर सडा आहे. मोकळा, काळा कातळ आणि खाली सगळं गाव. पोरांनी आरडाओरडा केला, फोटो काढले. पवार मात्र एका कडेला बसून खाली बघत राहिले. जवळ जाऊन पाहिलं तर घरं मोजत होते. कुठल्या दारात आंबा आहे आणि विहीर आहे, ते बघत होते. "सात निघाली," ते मला म्हणाले. "ह्यातलं एक असेलही, लेलेबाई. नसेलही. पण बघा ना, काय बिघडतं?" मला अजून धाप लागली होती, तरी मीही मोजून बघितली.

मुंबईत परतल्यावर आतेंनी खोलीसाठी दिलेली आमसुलांची पिशवी घेऊन ते तळमजल्यावर गेले, आम्हीही मागोमाग. अण्णा काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पिशवी खाली नको ठेवूस. खुंटीला लाव."

"कुठच्या?"

अण्णांनी पेनाने दाखवलं. रांगेच्या शेवटी एक नवी खुंटी होती. तिच्याखाली अण्णांच्याच वळणदार अक्षरात 'ज. पवार'. रंग ओला होता. माफीबिफी अण्णांनी काही मागितली नाही, ती त्यांच्या स्वभावात नव्हती. पवारांनी पिशवी तिला लावली. मला रडू फुटलं, मी लपवलंही नाही. मग पवारांनी घसा खाकरला.

"अण्णा, आणि पोरांच्या?"

"काय पोरांच्या?"

"खुंट्या. विचारायला काय जातं?"

"एका खुंटीवर अठरा पिशव्या मावत असतील तर मावव!" अण्णा ओरडले.

ह्याला काही वर्षं झाली. आता चाळीतल्या आणखी दोन गावांच्या खोल्यांनी आपापली गावं पोरांना उघडली आहेत. निशा कॉलेजात जाते आणि मे महिन्यात दोराच्या अलीकडे-पलीकडेचं ओरडायचं काम तीच करते. पवारांनी दोन वर्षांपूर्वी सखूआतेंची पडवी मुक्कामाला घेतली. वर्षभर तिथेच असतात, डोंगराची वाट साफ ठेवतात, पोरं आली की त्यांना घरं वाटून देतात. काजू ओळखतात म्हणे आता.

मागच्या श्रावणात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईत आले आणि उतरले सावरखोलच्या खोलीत. मी डबा घेऊन भेटायला गेले. डोळ्यावर हिरवी पट्टी, पायांत तेच पांढरे बूट. त्यांच्या खुंटीवर पोरांच्या टोप्या, पाण्याच्या बाटल्या, एक दोर आणि सगळ्यांत वर त्यांची पिशवी. पट्टी सुटली त्या दुपारी मी पुन्हा गेले, तेव्हा ते निघायच्या तयारीत होते.

"अहो, चार दिवसांवर गणपती आले," मी म्हटलं. "जन्मभर लालबाग-परळचे गणपती बघितलेत, आणि आता ऐन वेळी निघालात? राहा की."

पवारांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि खांद्याला लावली. उंबऱ्यावर एक लहान मुलगा चेंडू घेऊन बसला होता, त्याच्या डोक्यावर टपली मारली. मग आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य ते अगदी सहज बोलून गेले, आपण काही विशेष बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"छे हो, लेलेबाई. गावाला जायचंय."